नाताळचा दुसरा दिवस आणि सेलची पाटी

पुण्याच्या लष्कर भागात 26 डिसेंबरला महात्मा गांधी रस्त्याने, म्हणजे जुन्या पुणेकरांच्या मेन स्ट्रीटने, चालत गेले की दुकानांच्या दारांवर कागदी चांदण्या अजून तशाच लटकत असतात. बदललेली असते ती काचेवरची पाटी. काल तिथे नाताळच्या शुभेच्छा होत्या, आज '50 टक्क्यांपर्यंत सूट' असते आणि स्वेटरच्या चिठ्ठीवरची जुनी किंमत लाल शाईने खोडलेली असते. या पाटीचे मूळ सणात शोधून सापडत नाही. ते शिल्लक मालात आहे.

इंग्लंडमध्ये या दिवसाला बॉक्सिंग डे म्हणतात. नावाच्या उगमाविषयी एकापेक्षा अधिक मते आहेत. पण शिकाऊ कामगार आणि नोकर नाताळची बक्षिशी पेटीत गोळा करीत, ही चाल तिथे 17 व्या शतकापासून दिसते. आपल्याकडे दिवाळीची पोस्त मागतात, तसाच हा प्रकार. मोठ्या घरांतल्या नोकरांना 25 तारखेला मालकाच्या मेजवानीसाठी राबावे लागे, म्हणून त्यांची सुट्टी दुसऱ्या दिवशी असे. 1871 च्या कायद्याने इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये ती बँकांची अधिकृत सुट्टी झाली. सणाच्या दिवशी ज्यांना उसंत नव्हती, त्यांच्या वाट्याचा हा दिवस होता.

सेलची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. जिथे प्रत्येक गिऱ्हाईक घासाघीस करते, तिथे 'निम्मी किंमत' या शब्दांना अर्थच नसतो. तुळशीबागेत भाव करून घेतलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. सूट देण्यासाठी आधी किंमत ठरलेली आणि सर्वांना दिसणारी असावी लागते. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको यांच्या 'बॉन मार्शे'सारख्या भव्य दुकानांनी मालावर किमतीच्या चिठ्ठ्या लावण्याची पद्धत रुळवली आणि नाताळनंतरच्या मंदीत चादरी, टेबलक्लॉथ, पांढरे कापड स्वस्तात काढण्यास सुरुवात केली. फिलाडेल्फियात जॉन वॅनामेकर यांनी जानेवारी 1878 मध्ये असाच 'पांढरा सेल' भरवला. हिशेब सरळ होता: भेटवस्तूंवर पैसे खर्चून झालेले गिऱ्हाईक जानेवारीत फिरकत नाही, माल पडून राहिला की भांडवल अडकते, आणि पुढच्या हंगामाच्या मालाला फळ्यांवर जागा हवी असते.

हा सेल पुढे ब्रिटनमध्ये जानेवारीतून मागे सरकत 26 डिसेंबरवर आला. 1994 च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास उघडी राहण्याची मुभा मिळाली. 2004 च्या कायद्याने 280 चौरस मीटरहून मोठी दुकाने 25 डिसेंबरला बंद ठेवणे बंधनकारक केले, पण दुसऱ्या दिवसाला ते संरक्षण मिळाले नाही. नोकरांची सुट्टी दुकानातल्या नोकरांसाठी धावपळीचा दिवस झाली, ही मला या इतिहासातली सर्वांत खेदाची गोष्ट वाटते.

पुण्यात हा सेल रुजला त्याला इथलीही कारणे आहेत. दिवाळीची खरेदी होऊन गेलेली असते. याच सुमारास पौष लागतो. तो आपल्याकडे भाकड महिना, त्यात लग्ने होत नाहीत, त्यामुळे कापडबाजार सुस्तावतो. संक्रांतीनंतर थंडीही ओसरू लागते, मग स्वेटर कोण घेणार? सुट्टीच्या दिवसाचे खरेदीच्या दिवसात रूपांतर करण्याची युक्ती आपल्या व्यापारानेही उचलली: बिग बझारने 2006 पासून प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास 'सबसे सस्ता दिन' सुरू केला. डिसेंबर 2017 मध्ये महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवण्याची 1948 च्या कायद्यातली अट गेली. दुकान 365 दिवस उघडे, कामगाराला मात्र साप्ताहिक सुट्टी, अशी ही व्यवस्था आहे.

गेल्या वर्षी लष्करातल्या एका दुकानात स्वेटरच्या ढिगापाशी उभी असलेली विक्रेती भेटली. गिऱ्हाईक उलगडून टाकी ते स्वेटर ती पुन्हा घडी घालून ठेवत होती, बोलतानाही तिचे हात थांबत नव्हते. 24 च्या रात्री चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेला, गेले, 25 ला दुपारपर्यंत स्वयंपाक केला आणि आज सकाळी नऊपासून उभी आहे, असे तिने सांगितले. नव्या कायद्यात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर यांखेरीज सणांच्या आणखी चार पगारी सुट्ट्या आहेत, त्या मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात. तिच्या दुकानात त्या कोणत्या, हे तिला माहीत नव्हते.