८ आणि ८ मिळून १६ जीबी? गेममध्ये तरी नाही

‘८ जीबीची दोन ग्राफिक्स कार्डं लावा, १६ जीबी मेमरी मिळेल आणि गेम दुप्पट पळेल.’ जुनं कार्ड खपवताना हे गणित आजही ऐकवलं जातं. गेमच्या बाबतीत ते जवळजवळ कधीच खरं नव्हतं.

दोन ग्राफिक्स कार्डं जोडून एकत्र चालवायचं एनव्हिडिया कंपनीचं तंत्र, एसएलआय, २००४ साली आलं. त्यात बहुतेक वेळा एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, पहिलं कार्ड काढायचं, पुढची दुसरं. देखावा तोच, त्यामुळे तीच टेक्स्चर्स (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) दोन्ही कार्डांत भरावी लागत. म्हणजे मेमरी ८ची ८च! वेग वाढणंही गेमच्या मर्जीवर. शिवाय फ्रेममधलं अंतर कमीजास्त झालं की एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा झकास, पण चित्र अडखळतंय, असा प्रकार. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेतल्या कार्डांत तर दोन कार्डं जोडायचा कनेक्टरच राहिला नाही.

गेमबाहेर मात्र गोष्ट वेगळी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये दोन कार्डं एसएलआयशिवायही मिळून चित्र तयार (रेंडर) करतात, वेळ खरोखर वाचतो. एआय मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात. मेमरीची बेरीज खरी ठरते ती या एआयच्या कामात.

मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट दिसले म्हणून मात्र हुरळू नका. दुसऱ्यात बऱ्याचदा चारच लेन (डेटा वाहून नेणाऱ्या वाटा) जोडलेल्या असतात. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.