भिंतीवरचा बार चार्ट आणि क्रिटिकल पाथ

“आमच्याकडे शेड्यूल आहे की!” मोठ्या बांधकामाच्या पहिल्या बैठकीत हे वाक्य मी हमखास ऐकतो. खोटंही नसतं ते. साइट ऑफिसच्या भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा बार चार्ट लावलेला असतो.

बार चार्ट सांगतो, कोणतं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार. हेन्री गँट यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. कुणालाही ती बघताक्षणी कळते. क्रिटिकल पाथ पद्धत अमेरिकेत 1957 च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी विकसित केली. तिचा प्रश्न वेगळा आहे: हे काम कशासाठी अडलंय? कामं एकमेकांना जोडली की सगळ्यात लांब साखळी समोर येते, तोच क्रिटिकल पाथ. तिच्यावरचा एक दिवस वाया गेला, तर अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते, तिला फ्लोट म्हणतात.

कोकण रेल्वे रोहा ते ठोकूर सुमारे 740 किलोमीटर. पण गोव्यात पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा मऊ, ओल्या मातीत पुन्हा पुन्हा ढासळत राहिला, आणि जानेवारी 1998 मध्ये सलग गाडी धावण्याआधी सगळ्यांचं लक्ष तिथेच लागलं होतं. बार चार्टवर तो बोगदा इतर पट्ट्यांसारखीच एक पट्टी म्हणून दिसला असता.

एखाद्या हॉस्पिटलच्या इमारतीत लिफ्टची पट्टी शेवटच्या महिन्यांत असते, म्हणून सगळे निवांत. साखळी जोडली की दिसतं: लिफ्टची ऑर्डर ड्रॉइंग मंजूर झाल्याशिवाय जात नाही, माल यायला चार महिने लागतात, आणि ड्रॉइंग पडून आहे मालकाच्याच कार्यालयात.

विरोध सुरू होतो तो इथे. मिस्त्री आणि फोरमन नवीन पद्धतीला घाबरतात, असं वरचे लोक सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. फोरमनला कशाआधी काय लागतं हे तोंडपाठ असतं, त्याला विचारलं तर तो साखळी आनंदाने जोडून देतो. अडून बसतात ते ज्यांच्या टेबलावरचा उशीर आता नावासकट दिसणार असतो ते. शिवाय प्रत्येक विभागाने अडीअडचणीसाठी चार-आठ दिवस गुपचूप राखून ठेवलेले असतात. ते उघड झाले की काढून घेतले जातील, ही भीती अनाठायी नाही. बऱ्याच ठिकाणी तसंच होतं. ती सवड ज्याची त्याच्याकडे राहील, असा शब्द आधी दिला नाही तर खरे दिवस कुणीही सांगणार नाही.

गोंधळ वाढतो, कारण प्रिमावेरा या शेड्यूल बनवायच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला प्रिंटही पट्ट्यांचाच असतो. मग ओळखायचं कसं? संगणकावर, जी ड्रॉइंग-मंजुरी साखळीत आहे असं सगळे मानतात, ती दहा दिवस पुढे ढकला आणि गणित पुन्हा करायला लावा. लिफ्टची पट्टी हलली नाही आणि इमारत ताब्यात देण्याची तारीखही जागची हलली नाही, तर तुमच्याकडे अजून बार चार्टच आहे.