मणिबेली ते अरुण खोरं: परदेशी कर्जाच्या अटी आल्या कुठून?

मोठ्या प्रकल्पांच्या परदेशी कर्जांना आज पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या ज्या अटी जोडलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याच नर्मदाकाठच्या संघर्षातून आल्या आहेत. त्या काठावरचं अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रात सर्वांत आधी येणारं गाव.

वॉशिंग्टनच्या जागतिक बँकेनं १९८५ मध्ये या धरणासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. नर्मदा बचाओ आंदोलनाचा रेटा वाढल्यावर तिनंच नेमलेल्या स्वतंत्र समितीनं जून १९९२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन होऊ शकत नाही, बँकेनं मागं यावं.

पुढच्या घटनेबद्दल अजून वाद आहे. आंदोलनानं बँकेला घालवलं असं एक बाजू सांगते. भारतानं बाणेदारपणे पैसे नाकारले, असं दुसरी. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिका, जपान, जर्मनी यांच्या प्रतिनिधींचा विरोध असूनही संचालक मंडळानं कर्ज चालू ठेवलं होतं, फक्त सहा महिन्यांत पूर्ण करायच्या अटी घातल्या होत्या. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, ३० मार्च १९९३ ला, उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर नकोत असं दिल्लीनं कळवलं. अटी पूर्ण होणार नाहीत हे दोन्हीकडे दिसत होतं, आणि ही माघार दोघांनाही सोयीची होती. यात स्वाभिमानापेक्षा अडचणीतून सुटका जास्त होती, असं माझं मत. गावांनी मात्र बाहेरून लक्ष ठेवणारा एक डोळा गमावला. त्याच वर्षी प्रकल्पासाठी प्रत्येकी ३,६०० रुपयांचे रोखे विकले गेले, वीस वर्षांनी १,११,००० रुपये देण्याच्या बोलीवर. मणिबेलीचं काय झालं, हे विचारण्याची सोय त्या रोख्यांत नव्हती.

सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेनं बाधितांना थेट तक्रार करता येईल अशी तपासणी यंत्रणा उभारली. तिच्याकडे पहिली तक्रार नेपाळमधल्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाची आली आणि १९९५ मध्ये बँक तिथूनही बाहेर पडली. त्यानंतर बरीच वर्षं ती मोठ्या धरणांपासून जपूनच राहिली. ती जागा चिनी बँकांनी आणि ठेकेदारांनी घेतली. २०१६ मध्ये बीजिंगमध्ये नवी बहुपक्षीय बँक, आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक (एआयआयबी), सुरू झाली. तिच्यात भारताचा हिस्सा चीनच्या खालोखाल आहे, आणि तिच्याकडून सर्वांत जास्त कर्ज घेणाराही भारतच.

अरुण खोऱ्यात आता भारतीय सरकारी कंपनी ९०० मेगावॉटचा प्रकल्प बांधते आहे, मुख्यतः भारतीय बँकांच्या पैशावर. चिनी कंपनीनं सोडलेला नेपाळमधलाच पश्चिम सेती जलविद्युत प्रकल्प २०२२ मध्ये भारताकडे आला. चिनी गुंतवणूक किंवा ठेकेदार असलेल्या नेपाळी प्रकल्पांची वीज भारत घेत नाही, भारताच्या २०२१ च्या वीज-आयातीच्या नियमांचा रोख तोच आहे. वीज जलविद्युत म्हणून स्वच्छ असली, तरी आधी बघितलं जातं ते पैसा कुणाचा. बुडणारं गाव या यादीत फार खाली गेलं आहे, आणि मला ते खटकतं.

डिसेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनची बँक ताजिकिस्तानातल्या ३३५ मीटर उंचीच्या रोगुन धरणासाठी पैसे देऊ लागली. १९९३ च्या त्याच यंत्रणेकडे २०२५ मध्ये त्याविरुद्ध तक्रार गेली, नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानातल्या लोकांची.