व्हाइटवॉशिंग आणि वर्णनिरपेक्ष पात्रनिवड यांची सरमिसळ

मुळात गोऱ्या असलेल्या पात्राची भूमिका कृष्णवर्णीय नटाला मिळाली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो: हे चालत असेल, तर गोऱ्या नटाने चिनी किंवा भारतीय माणूस रंगवला की एवढी ओरड कशासाठी? प्रश्नात समन्यायाचा आव असतो, म्हणून तो अनेकांना बिनतोड वाटतो.

वर्णनिरपेक्ष पात्रनिवडीबद्दल, म्हणजे पात्राच्या मूळ वंशाकडे न पाहता नट निवडण्याबद्दल, फार सांगायला नको. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’मधला (१९९४) रेड मूळ कथेत तांबड्या केसांचा आयरिश आहे आणि पडद्यावर तो मॉर्गन फ्रीमन यांनी साकारला. उमेद तुरुंगात सरल्यामुळे बाहेरच्या जगाला बिचकणारा माणूस कोणत्याही वंशाचा असू शकतो, त्यामुळे कथेचे काही बिघडले नाही.

गोंधळ होतो तो व्हाइटवॉशिंगबाबत, म्हणजे गोऱ्या नसलेल्या पात्राची भूमिका गोऱ्या नटाला देण्याबाबत. ‘द गुड अर्थ’ (१९३७) ही चिनी शेतकरी कुटुंबाची कथा. नायक वांग लुंग म्हणून पॉल म्यूनी हा गोरा नट निश्चित झाला आणि भिन्न वंशांच्या कलावंतांना पती-पत्नी म्हणून दाखवणे स्टुडिओ त्या काळी टाळत असल्यामुळे, त्याच्या बायकोच्या, म्हणजे ओ-लानच्या भूमिकेचे दार चिनी वंशाच्या ॲना मे वाँग यांना आपोआप बंद झाले. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या वाँग हॉलिवूडमधल्या सर्वांत प्रसिद्ध चिनी-अमेरिकन अभिनेत्री होत्या आणि त्यांना ही भूमिका हवी होती. ती जर्मनीत जन्मलेल्या लुईझ रायनर यांना मिळाली आणि तिच्यासाठी त्यांना ऑस्करही मिळाले. रायनर यांचा अभिनय चांगला की वाईट, रंगभूषा बेमालूम की भडक, हे मुद्दे इथे गौण आहेत. फ्रीमन यांना रेड मिळाल्याने गोऱ्या नटांच्या वाट्याच्या असंख्य भूमिकांपैकी एक कमी झाली. वाँग यांच्या वाट्याला मात्र अशी नायिका येण्याची शक्यताच जवळजवळ नव्हती.

दुसरा फरक अभिनयातच दिसतो. फ्रीमन पडद्यावर आयरिशपणाची नक्कल करत नाहीत, ते रेड साकारतात. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मध्ये (१९६१) मिकी रूनी यांनी पुढे आलेले खोटे दात लावून जपानी शेजारी युनिओशी रंगवला, तेव्हा वंशाची नक्कल हीच भूमिका होऊन बसली. वंशाबद्दलचे साचे असेच घट्ट होतात. ‘चांगला नट कोणतीही भूमिका करू शकतो’ हे वाक्य मला अशा वेळी फार खटकते, कारण या उदार तत्त्वाचा लाभ वाँग यांना द्यावा असे कोणालाही सुचले नव्हते.

सीमारेषेवरची उदाहरणे अर्थातच आहेत. ‘गांधी’मधले (१९८२) बेन किंग्जली इंग्रज नट असले, तरी त्यांचे वडील गुजराती वंशाचे होते आणि कस्तुरबांच्या भूमिकेत आपल्या रोहिणी हट्टंगडी होत्या, त्या चित्रपटाला सरसकट व्हाइटवॉशिंग म्हणणे मला पटत नाही. उलट ‘मेरी कोम’मध्ये (२०१४) गोरा नट कोणीच नाही, तरी मणिपुरी मुष्टियोद्ध्याची भूमिका प्रियांका चोप्रा यांना देण्याचा प्रकार ‘द गुड अर्थ’च्याच जातकुळीतला आहे. तिकीटबारीसाठी नावाजलेली तारका हवी, हे कारण समजण्यासारखे आहे. पण मणिपुरी अभिनेत्रीने नाव कमवायचे तरी कोणत्या भूमिकेतून, याचे उत्तर त्यात सापडत नाही.