३,००० हा आकडा आला कुठून?

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये (म्हणजे त्यांच्या मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये), भाड्याच्या सर्व्हरसाठी नवी डिस्क घ्यायला गेलं की फॉर्मचे काही रकाने आधीच भरलेले असतात. प्रकार जीपी-३, आयओपीएस ३,०००, थ्रूपुट १२५. आयओपीएस म्हणजे डिस्क एका सेकंदात किती वेळा वाचू-लिहू शकते तो आकडा. थ्रूपुट म्हणजे सेकंदाला किती एमबी वाहून नेईल तो. बहुतेक जण या रकान्यांना हात न लावता पुढे जातात आणि मग लिनक्सवर, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, पोचल्यावर कुणाकडून तरी मिळालेली सेटिंगची यादी जशीच्या तशी चिकटवतात. मीही अनेक वर्षं तेच केलं. त्या यादीतली निम्मी कलमं अशा डिस्कसाठी लिहिलेली आहेत जी आता समोर नसते.

ती डिस्क फिरायची. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक या यंत्रासोबत पहिली व्यापारी हार्ड डिस्क दिली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावायची ५० लाख अक्षरं. पुढे तबकड्या लहान झाल्या, क्षमता लाखो पटींनी वाढली, पण वेगाचं गणित फारसं हललं नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद. त्यात डोकं हलवायचा वेळ वेगळा. सेकंदाला ७५ ते १०० कामं झाली की संपलं. डिस्क १ टीबीची असो की १० टीबीची, आकडा तोच.

या एका अडचणीभोवती जवळजवळ सगळी जुनी शहाणपणं उभी आहेत. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचा शोधनिबंध मांडला: एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडा, काम वाटून द्या, आणि एखादी मेली तरी चालेल अशी सोय ठेवा. लिनक्सच्या कर्नलमध्ये (म्हणजे गाभ्यात) डिस्ककडे जाणाऱ्या मागण्यांची रांग लावणाऱ्या भागाला तर सरळ ‘एलेव्हेटर’ म्हणतात, कारण तो इमारतीच्या लिफ्टसारखाच वागतो. तिसऱ्या मजल्यावरच्याने आधी बटण दाबलं म्हणून लिफ्ट नवव्यावरून उलटी फिरत नाही. वाटेतली माणसं घेत जाते. फिरत्या डिस्कसाठी हे अप्रतिम होतं. ‘नोएटाइम’ हे सेटिंगही त्याच घरचं. फाइल नुसती वाचली तरी ‘केव्हा वाचली’ याची नोंद लिहायची, तर शंभरातली काही कामं फुकट जाणार. म्हणून ती नोंदच बंद करा. २००९ पासून लिनक्स ही नोंद मुळातच क्वचित करतं, पण यादीत ओळ अजून आहेच.

मग क्लाउड आला. २००६ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅमेझॉनने तासाला १० सेंट दराने सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. सोबत १६० जीबी डिस्क मिळायची, पण सर्व्हर सोडला की त्यातलं सगळं गेलं. साठवणुकीचा सर्व्हर अशा जमिनीवर बांधणं शक्यच नव्हतं. दोन वर्षांनी, ऑगस्ट २००८ मध्ये, ईबीएस आलं: सर्व्हरपासून वेगळी, नेटवर्कवरून जोडलेली डिस्क. सर्व्हर गेला तरी ती राहते. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हे आहे, कारण इथून पुढे डिस्कची केबल म्हणजे नेटवर्क झालं. सर्व्हरला ती डिस्कच दिसते, आणि आपणही फसतो.

सुरुवातीची ईबीएस डिस्क सरासरी १०० आयओपीएस द्यायची. आकडा ओळखीचा वाटेल. कमी पडतंय म्हटल्यावर लोकांनी जुनाच उपाय काढला: आठ-दहा डिस्क घ्यायच्या आणि रेड-० (नुसतं काम वाटायचं, प्रत ठेवायची नाही) करून त्यांच्यावर काम पसरवायचं. वेग वाढायचा, पण शेजाऱ्याने नेटवर्क व्यापलं की दहांतली एक डिस्क अडायची आणि तिच्यासाठी बाकीच्या नऊ थांबायच्या. २१ एप्रिल २०११ ला तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रीजनमध्ये नेटवर्क बदलताना वाहतूक चुकून कमी क्षमतेच्या मार्गावर गेली. डिस्कच्या प्रतींचा एकमेकींशी संपर्क तुटला. संपर्क परतला तेव्हा त्या सगळ्या एकाच वेळी नवी प्रत करायला जागा शोधू लागल्या आणि त्या गर्दीनेच यंत्रणा बसली. बाधित झोनमधल्या (झोन म्हणजे रीजनमधला डेटा सेंटरचा एक वेगळा गट) ०.०७ टक्के डिस्क परत मिळाल्याच नाहीत. ईबीएस आपल्या प्रती स्वतः ठेवतं हे खरं, पण त्या एकाच झोनमध्ये असतात. त्यामुळे त्याच झोनमधल्या दोन डिस्कवर रेड-१ (एकीची दुसरीवर हुबेहूब प्रत) लावून आपण फार काही कमावलं असं समजू नये. रेड-५ तर इथे नकोच. पॅरिटी, म्हणजे मेलेल्या डिस्कवरचा माल परत काढायला लागणारी जादा नोंद, लिहिण्यातच विकत घेतलेल्या आयओपीएसचा मोठा हिस्सा खर्ची पडतो.

२०१२ मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. आयओपीएस ठरवून विकत घ्यायची सोय झाली, तेव्हा एका डिस्कला जास्तीत जास्त १,०००. आणि डिस्कसाठी राखीव नेटवर्क असलेले सर्व्हर मिळू लागले. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची होती, पण लोकांच्या लक्षात राहिली ती पहिली.

आता आपला ३,०००. जून २०१४ मध्ये एसएसडीवरचा (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवरचा) जीपी-२ प्रकार आला आणि त्याचा नियम होता: दर जीबीमागे ३ आयओपीएस. १०० जीबीच्या डिस्कला ३००, १,००० जीबीच्या डिस्कला ३,०००. छोट्या डिस्कवाल्यांची अगदीच गैरसोय नको म्हणून सोबत शिल्लक दिली. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखी: नळ बारीक असला तरी टाकी भरलेली असेल तोवर घरात पाणी जोरात येतं. टाकीची क्षमता ५४ लाख कामांची आणि धार सेकंदाला ३,००० ची. नळ बंद धरला तर बरोबर ३० मिनिटं पुरते. १०० जीबीच्या डिस्कला नळ ३०० चा, म्हणून ती ३३ मिनिटं टिकते आणि रिकामी झाल्यावर पुन्हा भरायला, कुणी थेंब न वापरता, पाच तास लागतात.

यातून एक पिढी चकली. नवा सर्व्हर लावायचा, दहा मिनिटं चाचणी घ्यायची, आकडे झकास, साहेब खूश. सोमवारी सकाळी सगळं ऑफिस एकदम फाइली उघडतं आणि अर्ध्या-पाऊण तासात सर्व्हर पेंगायला लागतो. शहाण्यांनी उपाय शोधला: जागा लागो न लागो, १,००० जीबीची डिस्क घ्या. वेग हवा म्हणून जागा विकत घ्यायची ही सवय तिथून लागली. पुणे, मुंबई आणि चेन्नईला २०१५ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या अझुरमध्येही डिस्कचे असेच मापाप्रमाणे ठरलेले वेग होते, त्यामुळे ती पक्कीच झाली.

डिसेंबर २०२० मध्ये जीपी-३ ने ही गाठ सोडली. डिस्क केवढीही घ्या, ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतातच. जास्त हवं तर वेगळे पैसे. शिवाय दर जीबीमागचा भाव जीपी-२ पेक्षा २० टक्के कमी. म्हणजे फॉर्ममधला ३,००० हा जीपी-२ च्या टाकीच्या धारेचाच आकडा आहे. फरक इतकाच की आता टाकी आटत नाही.

सर्व्हरची टाकी मात्र अजून आटते. एम-५ लार्ज हा सर्रास घेतला जाणारा सर्व्हर बघा. डिस्ककडे जाणारा त्याचा कायमचा वेग ६५० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ८१ एमबी. दिवसातून निदान एकदा, अर्धा तास तो ४,७५० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. डिस्क १२५ एमबी द्यायला तयार असताना एरवी सर्व्हर ८१ च्या वर घेऊ शकत नाही. आडात भरपूर आहे, पोहरा लहान. डिस्कचे आयओपीएस ६,००० करून काहीच फरक पडला नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी सर्व्हरचं माप विचारतो.

फाइली वाटणाऱ्या सर्व्हरवर आणखी एक जुनी सेटिंग घात करते. सन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही नेटवर्कवरून फाइली वाटायची पद्धत बनवली. लिनक्सवर तिचे सुरुवातीचे सर्व्हर ‘असिंक’ पद्धतीने चालायचे: माहिती डिस्कवर पोचायच्या आतच ‘लिहिलं’ असं सांगून मोकळे. पुढे मूळ सेटिंग बदलून ‘सिंक’ केलं गेलं आणि लिहिण्याचा वेग दाणकन पडला. वेगासाठी ‘असिंक’ परत लावा हा सल्ला तेव्हापासून फिरतो आहे. ज्या सर्व्हरवर पुन्हा बनवता येणारा माल आहे तिथे चालेल. हिशेबाच्या फाइली असतील तर सर्व्हर अचानक बंद पडल्यावर काय उरलं ते शोधत बसावं लागतं.

आणि तो एलेव्हेटर? नेटवर्कपलीकडच्या एसएसडीला मजलेच नाहीत. म्हणून क्लाउडवर तिथे ‘नन’ लावतात, मागण्या येतील तशा पुढे. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या यादीत असलेला सीएफक्यू हा प्रकार २०१९ मध्ये कर्नल ५.० मधून काढूनच टाकला, तरी त्याच्या ओळी चिकटवलेल्या सापडतात.

२०१६ ते २०२० या काळात ३,००० आयओपीएससाठी १,००० जीबी घेतलेले सर्व्हर मुंबईत आजही चालू आहेत, आत १५० जीबी माल घेऊन. २०१७ पासून चालू डिस्कचा प्रकार बदलता येतो, जीपी-२ वरून जीपी-३ करायला सर्व्हर थांबवावा लागत नाही. माप वाढवताही येतं. कमी मात्र करता येत नाही. त्यासाठी नवी लहान डिस्क घ्यायची, रात्री सगळं तिच्यात उतरवायचं आणि जुनी सोडायची. तो मुहूर्त लागत नाही, म्हणून ८५० जीबी रिकाम्या जागेचं भाडं दर महिन्याला जात राहतं.