पठारावरून खाली: गोवा विद्यापीठ आणि लोकांतले विज्ञान

गोव्याच्या मुक्तीनंतर वर्षभरातच, 1962 मध्ये, पणजी आणि मडगावात पदवी महाविद्यालये उभी राहिली. स्वतःचे विद्यापीठ मिळायला मात्र 1985चा जून उजाडला. तोवर इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती.

विद्वानाने चार भिंतींबाहेर येऊन बोलावे, ही अपेक्षा मराठी मुलखात जुनीच. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875ची. पुढे मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांनी बहिःशाल शिक्षणाचे, म्हणजे वर्गाबाहेरच्या लोकांना शिकवण्याचे, विभाग काढले. 1977 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य, म्हणजे ज्ञान समाजापर्यंत नेणे, हे तिसरे अंग मानले. म्हणजे गोवा विद्यापीठ जन्मले तेव्हा हे तत्त्व कागदावर होतेच. व्यवहारात ते बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) शिबिरापाशीच थांबते, हा भाग वेगळा.

पठारावरच्या या विद्यापीठाशेजारी, दोना पावल्याला, 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था होती. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्यातूनच निघाली. एवढे मोठे विज्ञान दारात, पण सामान्य गोंयकाराला त्यात शिरायला वाट नव्हती.

वाट सापडली ती रानातल्या अळमींतून, म्हणजे अळंब्यांतून, असे मला वाटते. श्रावणात मासे-मटण बंद झाले की गोव्यात रोयणीवरच्या (वारुळावरच्या) अळमींवर उड्या पडतात. विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक नंदकुमार कामत यांनी नेमका तोच विषय वर्तमानपत्रांतून लावून धरला. ही बुरशी वाळवीच्या आधाराने जगते. वाळवी वारुळात तिची मशागत करते, तीच खाते, आणि पावसात वर डोकावतात ती त्या बुरशीची फळे. सगळ्याच कळ्या उपटल्या तर बीजाणू पसरायचे कसे? शिवाय ही जात शेतात लावून पिकवता येत नाही. जेवणाच्या ताटातून सुरू झालेला हा धडा जितका मुरला, तितका एखाद्या सभागृहातल्या भाषणाने मुरला असता का, शंकाच आहे.

सभागृहही आले म्हणा. गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्यातल्या कोसबेचे. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 2008 मध्ये पणजीच्या कला अकादमीत विचार महोत्सव सुरू झाला. तो सरकारी उपक्रम. गर्दी खूप, भाषणे बहुतेक इंग्रजीत. आजी-आजोबांना घेऊन जावे तर पंचाईत.

पुढे कोसंबींच्याच नावाचे अभ्यागत अध्यासन (बाहेरून येणाऱ्या विद्वानासाठीचे पद) विद्यापीठात आले आणि त्यावर पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आले. या अध्यासनांचे वर्ग विद्यार्थ्यांपुरते न ठेवता बाहेरच्यांनाही खुले केले गेले. केपे तालुक्यातल्या कावरे गावाने आपली खाण सहकारी संस्थेमार्फत चालवू देण्याची मागणी केली, तेव्हा गाडगिळांनी ती जाहीरपणे उचलून धरली. 2002च्या जैवविविधता कायद्याखालच्या गावोगावच्या नोंदवह्यांचाही त्यांनी कायम आग्रह धरला. या वहीत झाडाचे नाव, उपयोग, कुठल्या ओहोळाकाठी सापडते हे गावकऱ्यांनी सांगायचे असते आणि शिकलेल्यांनी लिहून घ्यायचे असते.