लोकशाही साहाय्य

लोकशाही साहाय्य : निवडणुका, कायदेमंडळ, न्यायव्यवस्था, मुक्त वृत्तपत्रे व नागरी संघटना बळकट व्हाव्यात म्हणून परकीय सरकारांनी किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांनी दिलेली आर्थिक व तांत्रिक मदत. लेखापरीक्षण, नागरी सेवा, भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा यांसाठीची सुशासनविषयक मदतही यातच धरली जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची विकास साहाय्य समिती दोन्हींची नोंद ‘शासन व नागरी समाज’ या एकाच शीर्षाखाली करते. दोन्हींचा उगम मात्र वेगळा आहे.

लोकशाही साहाय्याची सुरुवात केव्हा झाली, याविषयी एकमत नाही. पुष्कळ अमेरिकी लेखक ती अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या ८ जून १९८२ रोजीच्या ब्रिटिश संसदसदस्यांपुढील भाषणापासून मानतात. त्या भाषणानंतर, १९८३ मध्ये, नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी ही संस्था निघाली. तिला अनुदान अमेरिकी काँग्रेसचे, पण कायद्याच्या दृष्टीने ती खासगी. दोन प्रमुख पक्षांशी, व्यापारी महासंघाशी आणि कामगार संघटनांशी संलग्न अशा चार संस्था तिच्या निधीतून काम करू लागल्या. दुसरे मत १९६६ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी अमेरिकेच्या १९६१ च्या परकीय मदत कायद्यात नववे प्रकरण घालण्यात आले आणि विकासकार्यात लोकांचा सहभाग वाढवणे हे मदतीचे एक उद्दिष्ट ठरले. तथापि त्या प्रकरणाचा रोख विकासातील सहभागावर होता; सत्तास्पर्धेत उतरणाऱ्या पक्षांची उभारणी त्यात अभिप्रेत नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्था विद्यार्थी संघटनेला छुपा पैसा पुरवत असल्याचे उघड झाले. त्यावर हे काम उघडपणे करणारी संस्था काढावी, असा प्रस्ताव काँग्रेस सदस्य डँटे फॅसेल यांनी मांडला, पण तेव्हा तो तडीस गेला नाही.

तिसरे मत पश्चिम जर्मनीतील पक्षसंलग्न प्रतिष्ठानांकडे बोट दाखवते. समाजवादी लोकशाहीवादी पक्षाचे फ्रीडरिख एबर्ट प्रतिष्ठान १९२५ मधले. नाझी राजवटीने १९३३ मध्ये त्यावर बंदी घातली आणि महायुद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले. पोर्तुगालमध्ये हुकूमशाही असताना, एप्रिल १९७३ मध्ये, तेथील समाजवादी पक्षाची स्थापना परागंदा कार्यकर्त्यांनी जर्मनीतील बाड म्युन्स्टरआयफेल या गावी या प्रतिष्ठानाच्या आश्रयाने केली. सुमारे वर्षभराने, २५ एप्रिल १९७४ रोजी, राजवट कोसळली; १९७५ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत हाच पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. नॅशनल एन्डाउमेंटची आखणी करताना या जर्मन नमुन्याचा अभ्यास झाला होता, हे लक्षात घेता उगम सत्तरच्या दशकातील या प्रतिष्ठानांत शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. रेगन यांच्या भाषणाने नवी कल्पना दिली असे म्हणण्यापेक्षा चालू पद्धतीला मोठा आश्रयदाता मिळवून दिला, असे म्हणता येईल.

सुशासनाची वाट जागतिक बँकेतून आली. १९८९ च्या सहारा-दक्षिण आफ्रिकेवरील अहवालात बँकेने तेथील अडचणींच्या मुळाशी शासनव्यवहाराचे संकट असल्याचे म्हटले. येथे एक कायदेशीर पेच होता. बँकेच्या सनदेतील चौथ्या अनुच्छेदाचे दहावे कलम सदस्य देशांच्या राजकारणात पडण्यास मनाई करते आणि निर्णय केवळ आर्थिक निकषांवर घ्यावेत असे बजावते. बँकेचे मुख्य विधी सल्लागार इब्राहिम शिहाता यांनी तोड काढली : साधनसंपत्तीचा कारभार नीट व नियमाने चालणे ही आर्थिक बाब आहे, राजवटीचा प्रकार कोणता ही राजकीय. सुशासनाच्या परिभाषेत अर्थसंकल्प, निविदा, लेखे यांची रेलचेल असते आणि विरोधी पक्ष क्वचितच दिसतो, त्याचे बरेचसे कारण या मर्यादेत आहे. उलट १९९१ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेने बहुपक्षीय लोकशाहीची अट सनदेच्या पहिल्याच अनुच्छेदात घातली.

शीतयुद्ध संपताच मदतीला राजकीय अटी जोडल्या जाऊ लागल्या. फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी जून १९९० मध्ये ला बोल येथे आफ्रिकी नेत्यांना तसे सूचित केले. केनियाची नवी मदत दात्यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये रोखली आणि पुढच्याच महिन्यात एकपक्षीय राजवटीचे संविधानातील कलम रद्द झाले. पण १९९२ च्या निवडणुकीत विरोधक विभागले गेल्याने अध्यक्ष मोई सुमारे ३६ टक्के मतांवर टिकले. मलावीत १९९२ मध्ये मानवतावादी मदत वगळता इतर मदत थांबली, १९९३ च्या सार्वमतात बहुपक्षपद्धतीला कौल मिळाला आणि १९९४ मध्ये अध्यक्ष बांडा पराभूत झाले. दोन्ही देशांत चर्च, वकील व कार्यकर्ते आधीच जिवावर उदार होऊन उभे होते. अटींचे श्रेय मोजताना त्यांचा विसर पडू देणे अन्यायाचे होईल. युरोपीय संघाने आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक देशांशी केलेल्या २००० च्या कोटोनू करारात अशा अटी नवव्या व शहाण्णवाव्या अनुच्छेदांत नियमबद्ध केल्या.

तांत्रिक मदतीचे सर्वांत ठोस उदाहरण म्हणजे समांतर मतमोजणी. फिलिपीन्समध्ये १९८६ साली व चिलीमध्ये १९८८ साली तिचा कस लागला. शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या मतदान केंद्रांवर स्वयंसेवक थांबतात, मोजणी पुरी होताच त्या केंद्राचे आकडे उतरवून घेतात आणि दूरध्वनीने कळवतात. नमुना नीट निवडला असेल तर काही तासांत निकालाचा विश्वासार्ह अंदाज हाती येतो. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी चिलीत लष्करी हुकूमशहा पिनोशे यांच्या मुदतवाढीवर सार्वमत झाले. सरकारचे पहिले आकडे ‘होय’ची सरशी दाखवत होते, तर विरोधकांच्या स्वतंत्र मोजणीत ‘नाही’ पुढे होते. रात्री वायुदलप्रमुख मॅथेई यांनी अध्यक्षीय प्रासादात शिरताना ‘नाही’च्या विजयाची पत्रकारांपुढे कबुली दिली, अंतिम निकालात ‘नाही’ला सुमारे ५६ टक्के मते पडली. परकीय निधी व प्रशिक्षण यांचा वाटा होता, पण केंद्राकेंद्रांवर रात्र जागवणारे चिलीचेच नागरिक होते.

परिणामांविषयीचे संख्याशास्त्रीय निष्कर्ष जुळत नाहीत. स्टीफन नॅक (२००४) यांना एकूण मदतीमुळे लोकशाही वाढल्याचा पुरावा आढळला नाही. फिंकेल, पेरेझ-लिन्यान व सेलिगसन (२००७) यांनी १९९०–२००३ मधील अमेरिकी मदतीतून खास लोकशाहीसाठीचा भाग वेगळा काढला, तेव्हा त्याचा माफक पण अनुकूल परिणाम दिसला. प्रश्नाची फोड अधिक नेमकी असल्याने दुसऱ्या अभ्यासाला जास्त वजन देणे योग्य ठरेल.

संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी २००५ मध्ये सुरू झाला. भारत त्याच्या आरंभीच्या देणगीदारांपैकी एक होय.

विरोधही संघटित झाला. इथिओपियाच्या २००९ च्या कायद्याने १० टक्क्यांहून अधिक परकीय निधी घेणाऱ्या संस्थांना मानवी हक्कांच्या कामास मज्जाव केला. तो २०१९ मध्ये बदलला गेला. रशियाने २०१२ मध्ये परकीय निधी घेऊन राजकीय काम करणाऱ्या संस्थांना तशी नोंदणी करायला लावणारा ‘परकीय हस्तक’ कायदा केला, तर इजिप्तच्या न्यायालयाने २०१३ मध्ये परकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांच्या ४३ कर्मचाऱ्यांना दोषी ठरवले. मोठा आघात मात्र दात्याकडूनच झाला : अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परकीय मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे मदतकार्य थांबून उरलेले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे गेले.